गच्चीशेठ

खांदा कॉलनीतला एखादा फ्लॅट विकायला निघाला आणि गिऱ्हाईक म्हणून शेठ आले, की एजंटची पंचाईत व्हायची. तो बिचारा फ्लॅटचं दार उघडून, पंखा लावून, खिडकीतून प्रबळगड दिसतो हे सांगायच्या तयारीत उभा असायचा. शेठ त्या उघड्या दारावरून पुढे जाऊन जिना चढायला लागायचे.

"शेठ, फ्लॅट इकडं आहे."

"फ्लॅट बगून काय करू? फ्लॅट रंगवता येतो," वरून आवाज यायचा. "गच्चीची चावी कोनाकडं हाय?"

गच्चीची चावी सेक्रेटरीकडे असते आणि सेक्रेटरी बाहेर गेलेला असतो, हा सगळ्या सोसायट्यांचा नियम आहे. शेठ शेवटच्या पायरीवर बसून राहायचे. पाणीसुद्धा मागायचे नाहीत. अशा रीतीनं त्यांनी सात फ्लॅट घेतले, सगळे भाड्यानं द्यायला आणि सगळे वरच्या मजल्यावरचे. वरचा मजला गळतो म्हणून लोक घाबरतात आणि तो स्वस्तात मिळतो. त्या सातांतले निम्मे त्यांनी आतून पहिल्यांदा पाहिले ते भाडेकरूनं चहाला बोलावलं तेव्हा.

लोक त्यांना गच्चीशेठ म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात नाव ठेवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटायचं नाही. गच्चीवर अनवाणी चालून दोष ओळखणाऱ्या त्यांच्या पायावर माझा विश्वास होता. त्यांनी 'नाय' म्हटलेल्या इमारतींचे पोपडे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. पण त्यांच्या एका 'नाय'नं माझ्या थोरल्या बहिणीचं घर घालवलं. शेठची आठवण काढायची तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मी नुसत्या गमती सांगत बसेन.

मी पनवेलला एका विमा एजन्सीच्या कचेरीत होतो. घरांचे, दुकानांचे, गोदामांचे विमे. घराच्या विम्याच्या अर्जात दोन रकाने असायचे: छताचा प्रकार आणि छताची स्थिती. पहिल्यात सगळे 'पक्कं' लिहायचे, दुसऱ्यात 'चांगली'. शिरढोणपासून उरणपर्यंत सगळ्यांच्या छतांची स्थिती चांगली होती. शेठ आले, त्यांनी खुर्ची ओढली आणि दुसऱ्या रकान्याचं उत्तर सांगायला सुरुवात केली. मी लिहून घेत गेलो. रकाना संपला. मी कागदाच्या पाठीवर गेलो. पाठ संपली. टाकीखाली ओल, पश्चिमेच्या कठड्याला केसाएवढी भेग, पाइप बाहेर पडतो तिथलं सिमेंट सुटलेलं, एका सभासदानं तुळशीवृंदावन थेट स्लॅबवर बांधलेलं.

आमचे साहेब म्हणाले, "अहो शेठ, 'चांगली' लिहून टाका. कंपनी कोणाच्या गच्चीवर जाते?"

"मी जातो ना," शेठ म्हणाले.

तो अर्ज कंपनीला मिळाला आणि कंपनीनं ताबडतोब माणूस पाठवला. स्वतःच्या मालमत्तेतले दोष आपणहून सांगणारा माणूस त्यांच्या अनुभवात नव्हता. यामागे काहीतरी मोठी लबाडी असणार, असं त्यांना वाटलं. आलेल्या माणसाला शेठनी सातही गच्च्यांवर फिरवलं. तो गुडघे धरून परत गेला. विमा मिळाला, हप्ता थोडा वाढून. शेठना त्याचं काही वाटलं नाही. "इमा पडल्याला असतो, गलल्याला नसतो," ते मला म्हणाले. म्हणजे, अचानक कोसळलं, जळलं, वादळानं उडालं तर कंपनी बघते. वर्षानुवर्षं मुरत गेलेल्या पाण्याला ती ओळख दाखवत नाही. हे कलम मी पंधरा वर्षं लोकांना पाठ म्हणून दाखवत होतो, पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

गच्ची बघायची त्यांची पद्धत त्यांच्या बापाकडून आली होती. बाप मिठागरावर राबलेला. मिठागरात पाणी सोडायच्या आधी खाचराचा तळ पायांनी तुडवतात, दिवसेंदिवस, माती दगडासारखी घट्ट आणि एका पातळीत येईपर्यंत. कुठं उंच, कुठं खोल, कुठं पोकळ, हे पायच सांगतो. शेठ लहानपणापासून बापाच्या मागून तुडवत चाललेले. पुढे मिठागरं गेली, जमिनी सरकारनं घेतल्या, मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले. पाय मात्र तेच राहिले. गच्चीच्या दारात ते चपला काढायचे, पँट घोट्याच्या वर दुमडायचे आणि या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, वीतभर सरकून परत, असे चालत राहायचे. मध्येच थांबून टाचेनं ठोकायचे. मोठी गच्ची असली तर तासभर.

"बापानं जल्मभर पानी उभं केलं," ते म्हणायचे, "मी जल्मभर पलवतोय."

पायाचा पुरावा कोणी मानत नाही म्हणून त्यांच्या खिशात लिंबू असायचं. उतार कुठं आहे हे दाखवायला ते गच्चीवर लिंबू सोडायचे. लिंबू गडगडत पाइपाच्या तोंडाशी गेलं तर उतार बरोबर. नवीन पनवेलच्या एका सोसायटीत ते लिंबू उचलायला विसरले. नेमकी अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळवण घालायला गेलेल्या बाईनं ते पाहिलं आणि खाली आली ती पायऱ्या न मोजता. सोसायटीत दोन गट होतेच, त्यांनी एकमेकांवर करणीचा आळ घेतला. शांत करायला भटजी बोलावले. शेठना कळल्यावर ते स्वतः गेले, भटजींच्या शेजारी बसले आणि शांत संपल्यावर म्हणाले, "लिंबू माजा हाय. पन त्यो कोपऱ्यात गेला ना, तितं पानी साचतं. दक्षिना दिली तेवढ्यात मोरीचं तोंड रुंद झालं असतं."

त्यांना नजर खाली ठेवता यायची नाही. लग्नात अक्षता टाकताना ते हॉलच्या छताकडे बघायचे. एकदा आम्ही दोघं एका ओळखीच्यांकडे सांत्वनाला गेलो होतो. घरातला कर्ता माणूस गेलेला. शेठ भिंतीला टेकून अर्धा तास एक शब्द न बोलता बसले, मान वर करून. घरच्यांना वाटलं, देवाला जाब विचारताहेत. उठताना त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बारावा झाला की गच्चीच्या कडंनी सांध्यात सिमेंटच्या गोल वाटा मारून घे. भिंतीच्या सांध्यातून पानी येतंय." मुलाला हुंदका फुटला. नंतर तोच मुलगा सांगायचा, तेवढं एकच वाक्य त्या दिवसात कामाचं होतं.

शेठची स्वतःची इमारत खांदेश्वरच्या बाजूला होती, तीन मजली. तिच्यात सगळे भाडेकरू खालच्या मजल्यांवर आणि शेठ स्वतः सगळ्यांत वर, स्लॅबच्या खाली. बायको गेलेली, मुलगी उरणला मोऱ्याच्या बाजूला दिलेली. मालकानं तळमजल्यावर ऐसपैस राहावं आणि वरच्या तापलेल्या खोल्या भाड्यानं द्याव्यात, अशी आपल्याकडची रीत. त्यांची उलटी होती. "ज्याचा छप्पर त्याच्या डोक्याव," ते म्हणायचे. भाडेकरूंना गच्ची वर्ज्य होती. पापड नाही, गादी नाही, पतंग नाही. जगाच्या गच्च्यांवर चढणाऱ्या या माणसानं स्वतःच्या गच्चीची किल्ली कमरेला बांधलेली असायची, आणि ती मी एकदाही सुटलेली पाहिली नाही. एका भाडेकरूनं त्यांच्या परोक्ष मिस्त्रीला कठड्यावरून चढवून डिश बसवली, स्लॅबमध्ये चार बोल्ट मारून. शेठ भांडले नाहीत. ते छत्री घेऊन त्याच्या घरी गेले, टीव्हीसमोर बसले आणि छत्री उघडली. एप्रिल महिना होता. भाडेकरूच्या बायकोनं दोनदा चहा दिला, तो त्यांनी छत्रीखालीच घेतला. संध्याकाळी डिश उतरली.

त्या इमारतीची गोष्ट ते ओळख झालेल्या प्रत्येकाला सांगायचे. हातात पहिल्यांदा पैसा आला तेव्हा बांधलेली. स्लॅबची पातळी बापानं काढली होती. पाणसळ नाही, दोरी नाही, नुसत्या डोळ्यानं आणि पायानं. बापानं आयुष्यात एकच काम केलं होतं, पाणी जागच्या जागी उभं राहील असा सपाट तळ करायचं. त्यानं मुलाच्या डोक्यावर तेच केलं. उतार दिलाच नाही. पावसाळाभर गच्चीवर घोट्याएवढं पाणी उभं राहिलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात तेव्हा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरणीच्या पायावर स्वयंपाकघरातला स्लॅबचा तुकडा पडला. बाई दीड महिना प्लास्टरमध्ये. विम्याचा दावा कंपनीनं नाकारला: पाणी मुरत होतं, अचानक काही घडलेलं नाही.

"बापानं माज्या डोक्याव मिठागर बांधलं," असं म्हणून शेठ गोष्ट संपवायचे आणि लोक हसायचे. मीही हसलोय, बऱ्याचदा.

नकाराचं ते पत्र त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, बापाच्या फोटोशेजारी. दसऱ्याला दोघांनाही हार.

आता माझी बहीण. ताईचे यजमान खोपोलीला कारखान्यात होते. ते गेले, मूलबाळ नव्हतं, कारखान्याची जागा सोडावी लागली आणि ताई आमच्याकडे राहायला आली. यजमानांच्या मागे मिळालेली जी काही रक्कम होती ती तिनं हात न लावता ठेवली होती. तिला त्यात एक लहानसा फ्लॅट घ्यायचा होता. राहायला नाही, भाड्यानं द्यायला. "महिन्याचं भाडं माझं मला येईल," ती म्हणाली. "तुझ्याकडे राहीन, पण तेल-साबणाला तुझ्यापुढे हात नको." मी म्हटलं, ताई, असं काय बोलतेस. असं म्हणायची पद्धत असते. पण तिला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर समजलं होतं.

खांदा कॉलनीत चौथ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यांत वर, एक खोली-स्वयंपाकघर मिळत होतं. तिच्या ऐपतीत बसणारं ते एकच. ताईला खिडकी आवडली, ओटा आवडला, नळाला पाणी आलं तेही आवडलं. व्यवहार करण्याआधी मी शेठना घेऊन गेलो. मी घेऊन गेलो, हे मुद्दाम लिहितोय.

पावसाची सर नुकतीच थांबली होती. योगायोगानं सेक्रेटरी घरी होता. बरोबर आलेली ताई खाली जिन्यात थांबली. शेठनी गच्चीचं दार ढकललं. समोर अख्ख्या गच्चीभर पाणी उभं होतं, एका पातळीत, इकडून तिकडे. त्यात ढग दिसत होते. शेठ उंबऱ्यावर उभे राहिले, थोडा वेळ बघितलं, आणि मागे वळले.

"नाय," ते म्हणाले. "घेव नका."

"शेठ, जरा चालून—"

"चालायचं काय त्यात? पानी दिसतंय ना? दोन पावसात पोपडं पडतील. भाडेकरू टिकनार नाय, इमा मिलनार नाय."

त्यांनी चपला काढल्या नव्हत्या. मला ते दिसलं. ज्या माणसानं दुकानाच्या पत्र्याच्या शेडवरसुद्धा अनवाणी चालल्याशिवाय मत दिलं नव्हतं, तो त्या दिवशी दारातून परतला. मी काही बोललो नाही. खाली उतरून ताईला सांगितलं, शेठ नको म्हणतात. ती "बरं" म्हणाली आणि घरी येऊन भाजी निवडायला बसली.

का बोललो नाही, हे मी स्वतःला बरेच दिवस वेगवेगळ्या प्रकारे समजावत होतो. मोठ्या माणसाला कसं टोकायचं, त्यांचा अनुभव केवढा, वगैरे. खरं कारण लाजिरवाणं आहे. ताई आल्यापासून आमच्या घराला घडी बसली होती. माझी बायको नोकरीला जायची ती आता न धावता जायची. मुलं शाळेतून आली की गरम पोळी मिळायची. कामवाली आम्ही बंद केली होती. ताईच म्हणाली होती, मी असताना कशाला, आणि आम्ही दोघांनी एकदाच 'छे छे' म्हटलं होतं. तिच्या हातात स्वतःचं भाडं आलं असतं तर ती उद्या काय ठरवेल हे सांगता येत नव्हतं. असा विचार मी केला होता असं नाही. पण शेठ 'नाय' म्हणाले तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही, एवढं मला नक्की आठवतं.

तो फ्लॅट मोऱ्याकडच्या एका मासळीच्या व्यापाऱ्यानं घेतला. ताईनं रक्कम बँकेत ठेवली आणि फ्लॅटचा विषय पुन्हा काढला नाही. ती आमच्या घरात पाहुण्यासारखी वागायची आणि मोलकरणीसारखी राबायची. फ्रीज उघडण्याआधी विचारायची. तिच्या आवडीची मालिका चालू असताना मुलांनी चॅनेल बदललं तर उठून आत जायची. अशी दोन वर्षं गेली.

दुसऱ्या वर्षी तोच व्यापारी माझ्याकडे विम्याला आला. कंपनीला आता छताचे आणि वरच्या खोल्यांचे फोटो लागायचे, तेही पावसाळ्यातले. मी भर जुलैत फोन घेऊन गेलो. वर गच्चीवर चार बोटं पाणी उभं. खाली फ्लॅटमध्ये दोन नर्स भाड्यानं राहत होत्या. मी छताचा कोपरा न कोपरा बघितला. ओल नाही, पोपडा नाही, रंगाला साधा फुगवटा नाही.

"गळत नाही का?" मी विचारलं.

"नाही हो," एक नर्स म्हणाली. "उलट वर पाणी असतं म्हणून थंड राहतं. फार चांगलं घर आहे."

मी पायऱ्या उतरलो. मग घरी न जाता शेठकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. भिंतीकडे एकदा बघितलं. "उद्या जाव," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाऊस पडत होता. शेठनी गच्चीच्या दारात चपला काढल्या, पँट दुमडली आणि ते पाण्यात उतरले. छत्री उघडायचंही त्यांना सुचलं नाही. मी दारात उभा राहून बघत होतो. ते कठड्यापासून कठड्यापर्यंत गेले, वीतभर सरकले, परत आले. टाचेनं ठोकत, थांबत, पुन्हा ठोकत. त्यांचं वय झालं होतं आणि पाणी गार होतं. शेवटी ते मधोमध उभे राहिले.

"पोकल वाजत नाय," ते म्हणाले. "खाली कोबा हाय, चांगला जाड. इटांचा चुरा भरून केल्याला. असला कोबा आसंल तर पानी म्हयना उभं राहू दे, खाली उतरत नाय."

"म्हणजे सपाट असून चालतं?"

"चालतं." त्यांनी आणखी एकदा टाचेनं ठोकलं. "बापाचा लेव्हल चुकला नव्हता."

मला आधी कळलं नाही. त्यांनी पाण्यात उभ्यानंच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"कोब्याला इटांचं तुकडं आनून ठेवलं व्हतं. बाप बोलला, लेव्हल मी देतो, तू वर कोबा भर. मना घाई झालेली. पावसाच्या आदी भाडेकरू बसवायचा व्हता. त्ये तुकडं मी खाली आंगनात भरनीला टाकलं, आन वर नुस्ता सिमेंटचा हात मारला. बाईच्या पायाव तुकडा पडला तवा बाप दवाखान्यात तिच्या पायाशी बसला व्हता. बोलला, माजाच लेव्हल चुकला आसंल रं. मी त्याला काय बोललो नाय. त्यो तसाच गेला."

"आणि नंतर?"

"नंतर मी कोबा घातला. बापाच्याच लेव्हलवर. आजून पानी उभं राहतं माज्या गच्चीव. बावीस वरसं मी त्याच्या खाली झोपतो, थेंब नाय आला." त्यांनी पायानं पाणी थोडं ढवळलं. "तवा हितं पाय ठेवला असता तर पायानं खरं सांगितलं असतं. मंग बापाच्या लेव्हलची माजी गोष्ट खोटी पडली असती. म्हनून ठेवला नाय."

मला त्यांचा संताप यायला हवा होता. आलाही. पण त्याच गच्चीच्या दारात मीही गप्प उभा राहिलो होतो, त्यामुळे तो फार वेळ टिकला नाही.

तिथून ते ओल्या कपड्यांनी सरळ आमच्या घरी आले. ताईनं टॉवेल दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि जे मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं, एकही शब्द न गाळता.

ताई शांतपणे म्हणाली, "तुम्ही चपला काढल्या नव्हत्या, हे मला तेव्हाच माहीत होतं. मी खाली जिन्यात उभी होते. तुमचा पाय कोरडा होता." मग ती माझ्याकडे वळली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"माजा राहता फ्लॅट तुमाला देतो," शेठ म्हणाले. "इकत. फुकट नाय. त्या टायमाला त्या फ्लॅटचा जो भाव व्हता त्याच भावात."

"आणि तुम्ही कुठं जाणार?"

"तितंच राहीन. भाड्यानं."

ताईनं विचार केला. माझ्याकडे बघून नाही, खिडकीकडे बघून. "भाडं पाच तारखेच्या आत लागेल," ती म्हणाली. "आणि गच्चीची किल्ली माझ्याकडे."

शेठनी कमरेची गाठ सोडायला घेतली. इतक्या वर्षांची गाठ, ती सुटेना. शेवटी ताईनं विळीवर कापून घेतली.

शेठच्या मुलीचा उरणहून फोन आला. आपल्या बांधलेल्या घरात आपण भाडेकरू, लोक काय बोलतील, बाबा, तुमाला कलतं का? शेठ म्हणाले, "लोक बरंच हसलंत माज्या बापाव. आता माज्याव हसू दे." खरेदीखत झालं. ताईच्या नावानं विमा मी काढला. रकान्यात काय लिहायचं ते शेठनी सांगितलं: पाणी उभं राहतं, गळत नाही, पातळी बरोबर आहे. आमचे साहेब म्हणाले, पातळीचा रकाना नाही. मी तरी लिहिलं.

राहता राहिला भाडेकरार. हल्ली त्यासाठी कचेरीत जावं लागत नाही. एजंटच लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. रविवारी सकाळी तो शेठच्या, म्हणजे ताईच्या, फ्लॅटवर आला. शेठनी घर झाडून ठेवलं होतं. ताई इस्त्रीची साडी नेसून आली होती आणि जरा अवघडून खुर्चीच्या कडेला बसली होती. साक्षीदार मी.

एजंटनं यंत्र टेबलावर ठेवलं. "चला, आधी मालक. अंगठा ठेवा."

शेठनी अंगठा पुढे केला. चाळीसेक करार केलेला हात होता तो, त्याला सांगावं लागत नव्हतं. ताईनं तो मनगटाला धरून बाजूला केला.

"शेठ, मालक मी आहे. तुम्ही नंतर."

"व्हय की," म्हणून शेठनी हात मागे घेतला आणि मांडीखाली घालून बसले.

ताईनं यंत्रावर अंगठा टेकवला. यंत्रानं घेतला नाही. लाल दिवा लागला. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. एजंटनं तिचा अंगठा हातात घेऊन उजेडात धरला.

"मावशी, रेषाच राहिल्या नाहीत," तो म्हणाला. "भांडी घासणाऱ्या बायकांचं होतं असं. कुठं कामाला जाता का?"

मी तिथंच बसलो होतो.

"जात होते," ताई म्हणाली. तिनं अंगठा पदराला पुसला आणि यंत्रावर जोरात दाबून धरला, हिरवा दिवा लागेपर्यंत.